नवऱ्याला कंडक्टर करा, ताई

काका, रामराम. मी राळेगाव तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. वय ४१. दीड वर्षापूर्वी चारचाकी शिकले आणि सेकंडहँड वॅगन आर घेतली. शाळा, राळेगावचा बाजार, वडकी, एकदा यवतमाळ, कुठंच अडचण आली नाही. मागच्या वर्षी मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, बायपास झालं. दर दोन महिन्यांनी त्यांना नागपूरला धंतोलीत तपासणीला न्यावं लागतं. दोन-दोन गाड्या बदलून एसटीनं जाणं त्यांना झेपत नाही आणि भाड्याची गाडी दर वेळी परवडत नाही.

मागच्या खेपेला अजनी चौकात सिग्नल सुटला आणि माझी गाडी बंद पडली. मागून असे हॉर्न सुरू झाले की मला काही सुचेना. हे शेजारी बसून ओरडायला लागले, "क्लच सोड ना! डावीकडं घे! अवं थांब, थांब!" मी गाडी डावीकडं घेतली ती एका मुलाच्या स्कूटरला घासली. तो पडला नाही, पण त्याचा आरसा तुटला असावा. हे म्हणाले, "चाल, चाल, थांबू नको." मी निघून आले. त्या दिवसापासून स्टेअरिंगला हात लावलेला नाही. हे सगळ्यांना सांगत असतात, "नागपुरात गाडी चालवणं बाईमाणसाचं काम नाही." त्यांना स्वतःला चारचाकी येत नाही. पुढची तपासणी तीन आठवड्यांवर आली आहे. मला खरंच जमणार नाही का?

— एक शिक्षिका, ता. राळेगाव

ताई, रामराम.

आधी त्या स्कूटरवाल्या मुलाचं बोलू, कारण ते तुमच्या मनात रुतून बसलंय. निघून आलात ते चुकलं. तो पडला नाही हे खरं, पण हाताला लागलं की नाही ते उतरून पाहिल्याशिवाय कसं कळणार? अपघातात कोणी जखमी झालं तर त्याला दवाखान्यात पोहोचवण्यासाठी चालकानं शक्य ते सगळं करायचं आणि उशिरात उशिरा २४ तासांत पोलिसांना कळवायचं, असं मोटार वाहन कायद्याचं १३४वं कलम सांगतं. जमाव अंगावर आला आणि थांबणं शक्यच नसेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या अंगावर जमाव आला नव्हता, फक्त शेजारून आवाज आला होता. गाडी चौकापुढं डाव्या कडेला लावून, उतरून "बाबू, लागलं का रे?" एवढं विचारलं असतं, तर पोरगा दोन शब्द बोलून, आरशाचे पैसे घेऊन गेला असता आणि तुमची झोप उडाली नसती. पुन्हा असं झालं तर हेच करायचं. कोणाला लागलं असेल तर १०८ लावा, भांडण पेटतंय असं दिसलं तर ११२. दोन फोटो काढून ठेवा आणि हुज्जत घालू नका. झालं, तो विषय संपला.

आता तुमचा खरा प्रश्न.

मी ३१ वर्षं एसटी चालवली. विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून कपाटात आहे. शेवटची काही वर्षं नव्या ड्रायव्हरांच्या शेजारी बसून त्यांना रस्ता दाखवायचं कामही केलं. त्यात एक गोष्ट नेहमी दिसायची. खेड्यातून आलेल्या पोरांचा हात तयार असायचा. भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरसकट उलटी घेऊन गोठ्याच्या दारात बरोबर लावणं हे शहरातल्या भल्याभल्यांना जमत नाही, ते ही पोरं एका हातानं करायची. आणि तीच पोरं नागपूरच्या सीताबर्डीत पोहोचली की घामाघूम. हात तोच, गाडी तीच, मग बिघडायचं कुठं?

तुमच्या गावात तुमची गाडी सगळे ओळखतात. "म्याडम आल्या" म्हणून पारावरची पोरं बाजूला होतात. समोरून बंडी हाकत येणाऱ्याला तुम्ही शाळेकडं वळणार हे तुम्ही वळायच्या आधी ठाऊक असतं. तुम्हालाही ठाऊक असतं की अमक्याची म्हैस कुठून आडवी येते आणि तमक्याचा पोरगा मोटरसायकल कशी हाणतो. नागपुरात यातलं काहीच नाही. तिथं तुम्ही कोणाच्या कोणी नाही. लोकांना दिसते ती एक वॅगन आर, आणि ती पुढच्या क्षणी काय करणार हे त्यांना कळायला काही मार्ग नसतो. तुम्ही सांगितलं तरच कळतं. म्हणून तिथं प्रत्येक गोष्ट आधी सांगायची, आणि समोरच्यानं सांगितली नाही तरी त्याच्या मनात काय आहे ते त्याच्या गाडीवरून ओळखायचं. मी शहरात जी काही गाडी चालवली ती एवढ्या दोन गोष्टींवर. धाडस लागतं म्हणणारे लोक बहुतेक वेळा शेजारच्या सीटवर बसलेले असतात.

इंडिकेटरचंच घ्या. वडकीहून हायवेला लागलात की पुढं ट्रक असतो. ट्रकवाला उजवा इंडिकेटर देतो आणि आपण समजतो, रस्ता मोकळा आहे, काढ पुढं. हैदराबाद रोडवर ही भाषा चालते. मला ती तिथंही पटत नाही, पण चालते. हीच भाषा डोक्यात घेऊन तुम्ही वर्धा रोडला शिरलात आणि पुढच्या कारनं उजवा इंडिकेटर दिला म्हणून तिच्या उजव्या अंगानं काढायला गेलात, तर ती तुमच्या दारावरच येणार, कारण तिला खरोखरच उजवीकडं वळायचं असतं. तसाच आणखी एक घोळ म्हणजे चौकात सरळ जायचं म्हणून चारही इंडिकेटर लावणं. आपल्याकडं अर्ध्या लोकांना हे बरोबर वाटतं. बाजूनं येणाऱ्याला तुमच्या गाडीची एकच कड दिसते, त्याला वाटतं तुम्ही वळताय. सरळ जायचं असेल तर काहीही लावायचं नाही. चारही लावायचे ते गाडी बंद पडली किंवा नको त्या जागी थांबावं लागलं तरच. आणि समोरून कोणी डिपर मारला तर "या, तुम्ही आधी जा" असं तो म्हणतोय या भ्रमात राहू नका. आपल्या रस्त्यांवर त्याचा अर्थ "मी थांबणार नाही" असाच असतो.

वळायच्या किती आधी इंडिकेटर द्यायचा? मी पोरांना सांगायचो, विजेचे दोन खांब आधी. आधी आरसा, मग इंडिकेटर, पुन्हा आरसा, मग स्टेअरिंग. अजनी चौकात तुम्ही यातलं एकही न करता डावीकडं गेलात, कारण कानात "डावीकडं घे" आलं होतं. तो पोरगा बिचारा आपल्या जागी बरोबर होता.

गाडी बंद पडण्याचं सांगतो. ती सगळ्यांची पडते. माझी भरलेली गाडी व्हरायटी चौकात बंद पडलेली आहे, ५० माणसं मागं बसलेली असताना. सिग्नल सुटला की घाईत डावा पाय क्लचवरून एकदम उचलला जातो, एवढंच कारण. बंद पडली की घाबरून बाजूला घ्यायची नाही, जागेवरच राहायचं. पायाचा ब्रेक दाबलेला, क्लच पूर्ण आत, चारही इंडिकेटर चालू, गिअर न्यूट्रलला, चावी. पहिला गिअर, इंडिकेटर बंद, आरसा, आणि चला. सावकाश केलं तरी दहा सेकंदांचं काम आहे. त्या दहा सेकंदांत मागचा हॉर्न वाजवणार. वाजवू द्या. बंद पडलेल्या गाडीच्या मागं उभा असलेला माणूस थांबलेलाच असतो, त्याच्याकडून तुम्हाला धोका नाही. धोका डाव्या-उजव्या बाजूनं निसटून जाणाऱ्यांना असतो, आणि तोही तुम्ही अचानक हललात तरच. बाई स्टेअरिंगवर दिसली की काही लोक जरा जास्तच हॉर्न वाजवतात, हे मी ३१ वर्षं पाहिलंय आणि त्यांची मला लाज वाटते. पण त्यांच्या हॉर्नला ब्रेक नसतो आणि स्टेअरिंगही नसतं. ती दोन्ही तुमच्याकडं आहेत.

क्लचचा सराव गावातच करा. कॅनॉलच्या पुलाचा चढ सगळ्यात चांगला. चढावर थांबा, हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका. ॲक्सिलरेटर किंचित दाबून क्लच इतका हळू सोडा की इंजिनाचा आवाज जड होतो आणि बॉनेट जराशी उचलल्यासारखी वाटते. तिथं पाय थांबवा. मग हँडब्रेक सोडा. गाडी मागं न घसरता पुढं निघाली पाहिजे. दहा दिवस रोज दहा वेळा. हे मी अजनी चौकासाठी सांगत नाही, तो सपाट आहे. दवाखान्यांच्या तळघरातलं पार्किंग असतं ना, त्याच्या उतारावरून वर येताना मधेच थांबावं लागतं, मागं दुसरी गाडी चिकटलेली असते. तिथं चांगल्या चांगल्यांची फजिती होते.

आता भाऊजींचं. ते ओरडतात ते तुमचा राग म्हणून नव्हे, भीतीपोटी. स्वतःच्या हातात काही नसलं की माणूस तोंड चालवतो. त्यांना "गप्प बसा" म्हणालात तर ते पाच मिनिटं गप्प बसतील आणि ऐन चौकात फुटतील. त्यांना काम द्या. एसटीत ड्रायव्हर आणि कंडक्टर एकमेकांशी रस्ताभर बोलत नाहीत तरी गाडी कशी चालते? घंटीवर. एक घंटी, थांबा. दोन घंटी, चला. कंडक्टर कधी दोरी ओढून "अरे अरे अरे" असं वाजवत नाही.

भाऊजींना कंडक्टर करा. मोबाइल त्यांच्या हातात, नकाशा त्यांच्याकडं. तुमचा फोन वाजला तर तेच उचलतील, तुम्ही नाही. पुढचं वळण त्यांनी आधी सांगायचं, "पुढच्या सिग्नलला डावीकडं," आणि तेही एकदाच. चुकून वळण गेलं तर "अगं गेलं ना!" म्हणायचं नाही, "पुढून फिरू" म्हणायचं. वळण चुकल्यानं फार तर पाच मिनिटं जातात. वळण सापडावं म्हणून ऐन वेळी आडवी घातलेली गाडी मात्र कोणाला तरी खाली पाडते. आणि तुम्ही डावीकडं वळणार असाल तेव्हा, तुम्ही विचारलं तरच, त्यांनी मान वळवून डाव्या खिडकीतून मागं पाहायचं आणि "मोकळं" किंवा "स्कूटर" यातला एक शब्द बोलायचा. ती जागा तुमच्या डाव्या आरशात पुरती येत नाही. माझा अंदाज आहे, दोन फेऱ्यांत ते गावात सांगत फिरतील की नागपूरला आम्ही गाडी घेऊन जातो. सांगू द्या.

डाव्या बाजूबद्दल जरा जास्त बोलतो, कारण शहरात चारचाकीवाल्याकडून होणारे बरेचसे घोटाळे तिथंच होतात. नागपुरात दुचाकी पाण्यासारखी आहे, जिथं फट तिथं शिरते. तुम्ही डाव्या कडेपासून एक गाडीची जागा सोडून थांबलात आणि तिथून डावीकडं वळलात, तर त्या फटीत कोणीतरी असणारच. म्हणून वळायच्या बरंच आधी हळूहळू डावीकडं सरकून घ्या, फटच ठेवू नका. आणि प्रत्येक चौकात डावीकडं जायला लाल सिग्नलवरही मुभा असते असं समजू नका. तशी पाटी किंवा हिरवा बाण असेल तिथंच. मुभा असली तरी झेब्रा पट्ट्यांवरून चालणारा माणूस आधी.

दुचाकीवाल्याच्या तोंडाकडं पाहू नका, त्याच्या पुढच्या चाकाकडं पाहा. माणूस पाहतो एकीकडं आणि जातो दुसरीकडं, पण चाक कधी खोटं बोलत नाही. ऑटोकडं पाहायचं असेल तर ऑटोच्या पुढं फुटपाथवर हात वर करून कोण उभं आहे ते आधी पाहा. असं कोणी दिसलं की ऑटो त्याच्यापाशी थांबणार, इंडिकेटर देवो न देवो. नागपूरची शहर बस, "आपली बस", थांब्यावर उभी असेल तर तिच्या पुढून कोणीतरी पळत रस्ता ओलांडणार हे धरूनच चाला. उभ्या गाड्यांच्या रांगेजवळून जाताना त्यांच्या खालून पलीकडचे पाय दिसतात. लहान पाय दिसले की ब्रेकवर पाय. शिकवायची नोकरी आहे तुमची. वर्गात फळ्यावर लिहिताना मागच्या बाकावर काय चाललंय हे तुम्हाला पाठीमागून कळतं की नाही? तेच डोळे इथं वापरायचे.

अंतराचा हिशेब तुम्ही मुलांना शिकवता तसाच आहे. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला बरोबर १० मीटर. पुढचा थांबला हे डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी १० मीटर पुढं गेलेली असते. ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारं अंतर वेगळं, आणि वेग दुप्पट झाला की ते चौपट होतं. म्हणून पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोहोचली की मनात सावकाश म्हणा, "राळेगाव, वडकी, हिंगणघाट." हिंगणघाट म्हणून होण्याआधी तुम्ही त्या खांबाशी पोहोचलात तर फार जवळ आहात. शहरात एवढी जागा ठेवली की कोणीतरी मधे घुसतोच. घुसू द्या, पुन्हा "राळेगाव" पासून सुरू करा. दहा जण घुसले तरी धंतोलीला पोहोचायला दोन मिनिटं उशीर होईल. सिग्नलला थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं जिथं रस्त्याला टेकतात ती जागा तुम्हाला दिसली पाहिजे. म्हणजे ती बंद पडली तरी तुम्हाला बाजूनं निघता येतं.

आता माझीच एक फजिती सांगतो. निवृत्त झाल्यावर जावयाची कार घेऊन धंतोलीत गेलो होतो. गाडी डाव्या कडेला लावली आणि उजव्या हातानं दार उघडलं. मागून मोपेडवर एक पोरगी येत होती. तिनं दार चुकवलं, पण तोल गेला आणि गुडघा फुटला. ३१ वर्षं बस चालवताना दार उघडण्याआधी मागं पाहायची सवय लागायचं कारणच नव्हतं, बसमधून मी कधी असा रहदारीच्या बाजूला उतरलोच नाही. बिल्ला कपाटात होता, पण पोरीच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. तेव्हापासून ड्रायव्हरच्या सीटवरून मी दार डाव्या हातानं उघडतो. करून पाहा, डावा हात उजव्या दारापर्यंत नेला की अंग आपोआप वळतं आणि नजर मागं जाते. मागं बसलेल्या मामाजींना डाव्या दारानंच उतरवा, आणि तेही भाऊजी खाली उतरून उभे राहिल्यावर.

मामाजींना मागच्या सीटवरही पट्टा लावायचा. आपल्याकडं मागचा पट्टा म्हणजे सीट कव्हरखाली गाडून टाकायची वस्तू. कायद्यानं तो मागच्यांनाही बंधनकारक आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. बायपासच्या टाक्यांवर पट्टा टोचत असेल तर मधे लहान उशी ठेवली तर चालेल का, हे त्याच तपासणीत डॉक्टरांना विचारून घ्या.

जाता जाता एक विचारतो, गाडी सेकंडहँड आहे ना? आरसी तुमच्या नावावर झाली, पण विमा झाला का? गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून तो आपल्या नावे करून घ्यायचा असतो. नसेल झाला तर उद्या शाळा सुटल्यावर पहिलं काम ते. कागद डिजिलॉकरमध्ये ठेवलेत तर ट्रॅफिक पोलिसाला मोबाइलवर दाखवले तरी चालतात. मोबाइल अर्थातच कंडक्टरकडं.

आता तीन आठवड्यांत काय करायचं. नवा गोऱ्हा आपण पहिल्याच दिवशी भरल्या बंडीला जुंपून कापसाच्या सीझनमध्ये बाजारात नेतो का? आधी रिकामी बंडी, मग शेताचा रस्ता, मग गावातून एक चक्कर. तुम्ही वडकीवरून एकदम अजनी चौकात गेलात. पहिल्या आठवड्यात पुलावरचा सराव आणि बाजाराच्या दिवशी राळेगावातून दोन फेऱ्या. दुसऱ्या आठवड्यात हिंगणघाट किंवा यवतमाळचा दत्त चौक, संध्याकाळच्या गर्दीत. तिसऱ्या आठवड्यातल्या रविवारी पहाटे निघून नागपूर, मामाजींना घरी ठेवून. फक्त तुम्ही आणि तुमचे कंडक्टर.

रस्ता असा धरा. जाम गावावरून बोरखेडीचा टोलनाका, बुटीबोरी, खापरी. बुटीबोरीपर्यंत तुम्ही हायवेवर असता आणि पाय सुस्तावलेला असतो, वेगाचा अंदाज चुकतो. म्हणून बुटीबोरीच्या अलीकडं पाच मिनिटं थांबा, पाणी प्या, आरसे पुन्हा लावून घ्या, मामाजी असतील तर त्यांना पाय मोकळे करू द्या. पुढं विमानतळ ओलांडला की वर्धा रोडवर तो दुमजली पूल लागतो, खालच्या मजल्यावर गाड्या आणि वरच्या मजल्यावर मेट्रो. लांबी ३.१४ किलोमीटर, गणिताच्या शिक्षिका असाल तर आकडा लक्षात राहील. त्यावर चढलात की मधे उतरायला जागा नाही, थेट अजनी चौकाजवळच उतरता. तुम्हाला धंतोलीच गाठायची आहे, म्हणजे चढणंच बरं, छत्रपती चौकाची गर्दी खाली राहते. पण चढायचं की खालून जायचं हे पूल दिसण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे. पुलाच्या तोंडाशी येऊन इकडं की तिकडं करणाऱ्या गाड्या मी रोज पाहायचो, त्यात परजिल्ह्यातलीच पासिंग जास्त. पुलावरून उतरताना पुढं लांब रांग दिसली नाही तरी वेग आधीच कमी करा, कारण खाली सिग्नलची रांग असते.

तपासणी शक्यतो अशा वेळेला मागा की शहरात तुम्ही नऊच्या आत तरी शिराल, नाहीतर साडेअकरानंतर. परतताना संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आधी शहराबाहेर पडा. दवाखान्याजवळ हॉर्न नको, तिथून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतं. आणि धंतोलीत पार्किंगसाठी चकरा मारू नका. दवाखान्याच्या दारात मामाजी आणि भाऊजींना उतरवा, मग एकटीनं शांतपणे जागा शोधा, दोन गल्ल्या लांब मिळाली तरी लावा. पावसाळ्यात भुयारी रस्त्यात पाणी साचलेलं दिसलं तर पुढची गाडी गेली म्हणून आपली घालू नका, मागं फिरा.

एवढं करूनही त्या दिवशी मन धजावलं नाही, तर दुसरा रस्ता आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. खापरीहून सीताबर्डीकडं २०१९ पासून मेट्रो चालते. स्टेशनांना लिफ्ट आहेत, मामाजींना जिने चढावे लागत नाहीत. गाडी खापरीला लावायची सोय आधी विचारून ठेवा, मेट्रोनं काँग्रेसनगर स्टेशनला उतरा आणि तिथून धंतोलीला ऑटो करा. ३१ वर्षं नागपुरात बस चालवलेला मी स्वतः आता नागपूरला गेलो की असंच करतो. गुडघे दुखतात आणि क्लच दाबायचा कंटाळा येतो.

त्या रविवारी अजनी चौकात सिग्नल हिरवा मिळाला तर सरळ निघून जाऊ नका. पुढून फिरून या आणि लाल मिळेपर्यंत दोनदा, तीनदा पुन्हा तिथंच या. थांबा, न्यूट्रल करा, सुटला की पहिला गिअर टाका. भाऊजींच्या खिशात पार्किंगला सुटे पैसे असू द्या. नंतर मामाजींचा रिपोर्ट काय आला आणि अजनी चौकाचा काय आला, दोन्ही कळवा.